बावडा रोडवर सायकलींसाठी वेगळा ट्रॅक हवा, नुसता पांढरा पट्टा नको

बावड्याची_आई
आपल्या कोल्हापुरातला पितळी गणपतीपासून लाईन बाजार, पुढे भगव्या चौकापर्यंतचा बावडा रोड जे रोज वापरतात त्या सगळ्यांशी बोलायचं म्हणून हा धागा काढतेय. जरा लांब लिहिणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

माझी मुलगी आठवीत आहे. सकाळी सातचा क्लास, म्हणून साडेसहाला सायकल घेऊन निघते. डिसेंबरात त्या वेळी अजून झुंजुमुंजूच असतं. गेल्या हंगामातली गोष्ट. ती डाव्या कडेनं चालली होती आणि पुढं एक चारचाकी थेट डांबरावर लावलेली. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर येत होता. त्याला वाट द्यावी म्हणून गाडीला वळसा न घालता ती गाडीच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीतून निघाली. तिथं गटारीची लोखंडी जाळी आहे आणि जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं लांबट आहेत. पुढचं चाक दोन पट्ट्यांमध्ये उतरलं आणि तिथंच थांबलं. ती हँडलवरून पुढं फेकली गेली. हनुवटीला चार टाके, कोपर सोललेलं. पडली ती फूटपाथच्या बाजूला. उजवीकडं पडली असती तर काय झालं असतं, हे मी इथं लिहूही शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन ती जाळी बघितली. दोन पट्ट्यांमधल्या फटीत माझी दोन बोटं आरामात जातात. सायकलचं टायर त्याहून जाड नसतं. हीच जाळी उचलून आडवी बसवली असती, तर चाक वरून खडखडत निघून गेलं असतं.

ट्रॅक्टरवाल्या दादांबद्दलही सांगायला हवं. त्यांनी भर रस्त्यात ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरून मुलीला उचललं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मागं हॉर्नचा कालवा चालला होता, पण ते हलले नाहीत. मी पोचले तेव्हा म्हणाले, "ताई, मला आरशात फक्त ऊस दिसतोय. पोरं दिसत न्हाईत." ते वाक्य मनातून जात नाही.

तेव्हापासून मी त्या रस्त्याची डावी कड बघत चालते. कुणाची गाडी लावलेली, कुठं नाष्ट्याची हातगाडी, कुठं खोदकामातला मुरूम, कुठं साचलेलं पाणी. ज्याला कुठंच जागा नाही ते सगळं डाव्या कडेला, आणि सायकलवाल्यानंही डाव्या कडेनंच जायचं, असा नियम. मग सायकलवाल्याची जागा नक्की कुठली?

मला या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सायकलींसाठी वेगळा, मधे अडथळा असलेला ट्रॅक हवाय. नुसता रंगाचा पट्टा मारून मोकळं होणं नको. हे जमण्यासारखं आहे का, कसं, अडचणी काय, ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

उद्यमनगर_पहिली_पाळी
ताई, वाचून अंगावर काटा आला. पोरगी आता बरी आहे ना?

मी बावड्यातनं उद्यमनगरला जातो, सायकलनंच. पहिली पाळी सातची. पितळी गणपती, दसरा चौक, मग उमा टॉकीजकडनं आत. पंचवीस वर्षं झाली. सायकल म्हटलं की लोकांना रविवारी हेल्मेट घालून रंकाळ्याला चक्कर मारणारी माणसं आठवतात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगलीच सवय आहे. पण आमच्यासारखे कामावर जाणारे कुणाच्या हिशेबातच नाहीत. आम्ही पहाटे जातो, अंधारात परत येतो. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, घरात गाडी एकच, ती पोरग्याला कॉलेजला लागते. मला सायकल सोडून दुसरं काही परवडत नाही आणि आवडतही नाही.

तुमच्या मुलीला एक सांगा. उभ्या गाडीच्या जवळनं कधी जाऊ द्यायचं नाही. हातभर नाही, चांगलं एक मीटर लांबनं. दार कधी उघडेल सांगता येत नाही. आमच्या वर्कशॉपमधल्या एकाचा खुबा असाच गेला, दार उघडलं आणि तो त्याच्यावर आदळला. आता तो सायकल चालवत नाही. मी मुद्दाम गाड्यांपासून लांबनं, लेनच्या मधनं चालवतो. मागचे शिव्या घालतात, "कडंनं चल की" म्हणतात. घालू देत. कडेला काय आहे ते त्यांना दिसत नाही, मला दिसतंय.

ट्रॅक झाला तर माझ्यासारख्याला पहिल्यांदाच त्या रस्त्यावर मान वळवून मागं बघावं लागणार नाही.

लाईन_बाजार_दुकान
मुलीचं वाईट वाटलं, खरंच. पण दुसरी बाजूही ऐका. माझं दुकान याच रस्त्यावर आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक गाडी लावून दोन मिनिटांत सामान घेऊन जातं. दारात गाडी लावता आली नाही तर तो पुढच्या चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार. सकाळी टेम्पो येतो, वीस-पंचवीस पोती उतरतात. ट्रॅक आणि रस्त्याच्या मधे कर्ब, म्हणजे काँक्रीटचा कठडा, घातला तर हमालानं पोतं घेऊन उडी मारायची का? आणि ट्रॅक झाल्यावर त्यात सायकली दिसणार किती? मला तरी दिवसभरात मोजक्याच दिसतात. रस्ता अरुंद झाला की कोंडी होणार आणि त्याचा धूर आम्ही खाणार.

विरोध करायचा म्हणून लिहीत नाही. आम्हाला विचारून करा, एवढंच. आजपर्यंत रस्त्याचं कुठलंही काम दुकानदाराला विचारून झालेलं नाही. एके दिवशी जेसीबी येतो आणि पायरी तोडून जातो.

निवृत्त_शाखा_अभियंता
माझी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, म्हणून थोडं सविस्तर.

सायकल ट्रॅक कसा असावा याचं मार्गदर्शन आपल्याकडं नवं नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची यासाठी आयआरसी ११ ही संहिता आहे. ती पहिल्यांदा १९६२ साली निघाली आणि २०१५ साली नव्यानं लिहिली गेली. केंद्राचं शहरी वाहतूक धोरण २००६ चं आहे. रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांना द्या, चालणारे आणि सायकलवाले यांना आधी धरा, असं ते सांगतं. कागदावर सगळं आहे. कामाच्या अंदाजपत्रकात ते उतरत नाही, अडतं ते तिथं.

आता रुंदीचा हिशेब. सायकलचं हँडल साधारण दोन फुटांचं, पण सायकल सरळ रेघेत चालत नाही. चढावर, वाऱ्यात, मागं पोतं असताना ती डोलते. म्हणून एका सायकलीला मीटरभर जागा धरतात. मागच्यानं पुढच्याला ओलांडायचं असेल तर दोन मीटर. आपल्याकडं लेन साडेतीन मीटरची धरायची सवय आहे, आणि ती हायवेची सवय आहे. समजा चार लेनचा चौदा मीटर डांबरी रस्ता आहे. शहरात तीन मीटरची लेन पुरते, म्हणजे चार लेनना बारा मीटर. दोन मीटर सुटले, दोन्ही बाजूंना एकेक. ते पुरत नाहीत. म्हणजे आणखी जागा लागणार आणि ती डांबरावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जागेतूनच येणार. हे आधीच स्पष्ट बोललेलं बरं, नाहीतर काम सुरू झाल्यावर भांडणं होतात. बावडा रोडची रुंदी सगळीकडं सारखी नाही, त्यामुळं दर शंभर मीटरला टेप लावून मोजल्याशिवाय आराखडा करू नये.

लेन अरुंद केल्या तर कोंडी होते, हा समज आहे. शहरातल्या रस्त्यावर गाड्या अडतात त्या चौकात. दोन चौकांच्या मधे लेन अर्धा मीटर कमी झाली तर गाड्या थोड्या हळू जातात, चौकात पोचायची वेळ जवळपास तीच राहते.

पांढरा पट्टा का पुरत नाही, तेही सांगतो. आपल्याकडं मोकळा दिसलेला पट्टा म्हणजे पार्किंग, हे दुसऱ्या दिवशीच ठरतं. शिवाय थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे वितळवून मारलेल्या रंगाचा, जाड पट्टा पावसात गुळगुळीत होतो, सायकलचं चाक त्याच्यावर वळताना सरकतं. पण नुसता सलग कर्ब घालूनही चालणार नाही. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घ्या. रस्त्याचं पाणी कडेच्या गटारीकडं उतरतं. मधे सलग भिंत घातली तर पाणी डांबरावर तुंबणार आणि तुमचाच कर्ब लोक जुलैत फोडणार. कर्ब तुकड्या-तुकड्यांनी घालावा आणि मधे पाण्याला वाट ठेवावी. किंवा ट्रॅकच फूटपाथपेक्षा बोटभर खाली आणि रस्त्यापेक्षा चार बोटं वर घ्यावा, त्याचा उतार गटारीकडं द्यावा. हे दुसरं महाग आहे, पण टिकतं.

आणि त्या जाळ्या. त्या बदलायला कुठल्याच ट्रॅकची वाट बघायची गरज नाही. पट्ट्या आडव्या बसवायच्या, जाळी डांबराच्या पातळीत घ्यायची. एका जाळीचं काम अर्ध्या दिवसाचं.

बावड्याची_आई
काका, खूप आभार. मुलगी बरी आहे, टाके निघाले, पण सायकलला अजून हात लावत नाही. मी गाडीवरून सोडते. म्हणजे त्या गर्दीत आणखी एका गाडीची भर मीच घातली. शाळेच्या दारात रोज बघते, निम्मे पालक याच भीतीनं पोरांना गाडीवर आणतात आणि त्या गाड्यांमुळंच उरलेल्यांना सायकल काढायची भीती वाटते.

दुकानवाले दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. विचारून व्हायला हवं, हे मलाही पटतं. आणि "सायकली दिसतात किती" याचं उत्तर माझ्या घरात भिंतीला टेकून उभं आहे.

पुण्यातला_कोल्हापूरकर
मी मूळचा मंगळवार पेठेतला, बारा वर्षं पुण्यात. पुण्याची चूक कोल्हापूरनं करू नये म्हणून लिहितो.

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. मोठमोठ्या रस्त्यांवर सायकल ट्रॅक झाले, २०१७ मध्ये महापालिकेनं शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पण बऱ्याच ट्रॅकवर सायकल घेऊन गेलात तर कळतं की तो सायकल चालवणाऱ्यानं आखलेला नाही. पेव्हिंग ब्लॉकवर हात बधिर होतात. प्रत्येक सोसायटीच्या दाराशी ट्रॅक खाली उतरतो आणि परत वर चढतो. मधे विजेचा डीपी, झाड, बसथांबा, आणि मग एकाएकी ट्रॅक संपतो, तो थेट चौकात. शंभर मीटर चांगला ट्रॅक आणि पुढं काहीच नाही, याला ट्रॅक म्हणत नाहीत.

उलट उदाहरण स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं आहे. त्यांनी २००६-०७ च्या सुमारास थोड्याच काळात ऐंशीएक किलोमीटरचे ट्रॅक केले, पण एकमेकांना जोडलेले. कुठूनही निघा, ट्रॅक तुटत नाही. त्या आधी तिथं सायकली जवळपास नव्हत्याच, पुढच्या काही वर्षांत त्या कित्येक पटींनी वाढल्या. म्हणून लाईन बाजारच्या दुकानदारांना सांगावंसं वाटतं, आज सायकली दिसत नाहीत यावरून उद्या दिसणार नाहीत असं ठरवू नका. पूल बांधायच्या आधी नदी पोहून जाणारे मोजत नाहीत.

तेव्हा मागणी करताना पितळी गणपती ते भगवा चौक एवढीच करू नका. एका टोकाला दसरा चौक आणि दुसऱ्या टोकाला बावड्यातल्या शाळा-कॉलेजांची दारं जोडायला सांगा. दसरा चौक, सीपीआर रुग्णालयाच्या बाजूला तर २०२५ च्या ऑगस्टपासून हायकोर्टाच्या सर्किट बेंचची वर्दळही वाढली आहे.

अकरावी_सायन्स
मी विवेकानंद कॉलेजकडून बावड्याला परत जाताना रोज याच रस्त्यानं सायकल चालवतो. वेगाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

फिजिक्समध्ये गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३० च्या ऐवजी ६० नं गाडी आली तर धडक दुप्पट नाही, चौपट ऊर्जेची. थांबायच्या अंतराचंही गणित करून बघितलं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. ३० च्या वेगानं गाडी त्या सेकंदात ८ मीटर पुढं गेलेली असते, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबेपर्यंत सगळे मिळून साधारण १३ मीटर. ५० च्या वेगानं तेच सगळे मिळून साधारण २८ मीटर. मधला फरक १५ मीटर, म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन ट्रॉल्यांइतका.

रात्री नऊनंतर हा रस्ता मोकळा असतो तेव्हा मला सकाळपेक्षा जास्त भीती वाटते.

ऊसवाला_करवीर
मी शेतकरी. ट्रॅक्टर माझा नाही, पण माझा ऊस त्याच ट्रॉल्यांतनं जातो, म्हणून सांगतो.

दरवर्षी कोणतरी म्हणतंय, दिवसा ऊसवाहतूक बंद करा. ऐकायला बरं वाटतंय. पण तोड आली की टोळी सकाळपासनं तोडती, मोळ्या बांधती, ट्रॉली भरती. भरलेली ट्रॉली रानात ठेवली की ऊस वाळतोय. वाळला की वजन घटतंय, वजन घटलं की पैसा माझाच जातोय. कारखान्याच्या दारात नंबर लागतोय, तिथं चार-पाच तास, कधी रात्र. ड्रायव्हर झोपेविना असतोय. त्याला अमुक वेळेतच ये म्हणून सांगणं सोपं नाही.

दुसरं, दोन ट्रॉल्या जोडल्या की वळणावर मागची ट्रॉली पुढच्याच्या मागनं जात नाही, आत कापती. ड्रायव्हर बाहेरनं वळला तरी मागचं चाक आतल्या कडेला घासून जातंय. आतल्या कडेला कोण असतोय? सायकलवाला. त्यात ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. त्या ड्रायव्हरनं ताईंना जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे, मी शेजारी बसून बघितलंय.

म्हणून मी तर म्हणतो, ट्रॅक करा आणि मधे चांगला दणकट कर्ब घाला. आमच्या ड्रायव्हरलाही बरं. त्याला पण घरात पोरं हाईत. वळणावर मात्र कर्ब जरा आत घ्या, नाहीतर मागचं चाक चढणार त्याच्यावर. आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला तर कारखान्यानं गेटातनं आत घेऊ नये, हे आधी करा. त्याला खर्च काय हाय? पन्नास-शंभर रुपयाच्या पट्ट्या. आणि ट्रॅक्टरवरची गाणी बंद करा. मागनं कोण हाक मारली तरी ऐकू येत नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता
शेतकरी दादांचा वळणाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आराखड्यात हा नेहमी सुटतो. तिथं कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवून चालणार नाही, कारण मग चारचाक्या वेगानं वळतात. कोपरा घट्टच ठेवायचा, पण मोठ्या वाहनाच्या मागच्या चाकाला चढता येईल असा सपाट, खडबडीत दगडी पट्टा आतल्या बाजूला द्यायचा आणि सायकलचा ट्रॅक त्याच्याही आत घ्यायचा. सायकलवाल्यांचे मोठे अपघात सरळ रस्त्यापेक्षा चौकात आणि गल्लीच्या तोंडाशी जास्त होतात. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली उतरवू नका. ट्रॅक आहे त्या उंचीवर पुढं न्या, गाडीला त्याच्यावर चढून जाऊ दे. आपोआप वेग कमी होतो, गतिरोधक वेगळा लागत नाही.

केएमटी बसच्या थांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून फिरवायचा. नाहीतर बस डावीकडं घुसणार, सायकल उजवीकडं पळणार, हा खेळ दिवसभर.

तीन_चाकं
मी तीनचाकी सायकल वापरतो, हातानं पॅडल मारायची. दोन्ही पायांना पोलिओ. बावडा रोडनं आठवड्यातून तीन-चार वेळा जातो.

ट्रॅक करा, पण त्यात गाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खुंट रोवतात ना, त्या दोन खुंटांमधलं अंतर आधी माझ्याकडून मोजून घ्या. माझ्या मागच्या चाकांची रुंदी तीन फुटांच्या आसपास आहे. दोन फुटांवर खुंट रोवले की साधी सायकल जाते, मी बाहेर. शहरात कितीतरी बागांच्या आणि फूटपाथच्या तोंडाशी असंच झालंय. मोटरसायकल अडवायची म्हणून केलेलं, मोटरसायकल तिरकी करून घालतात, अडतो मी.

आणि चढउतार. पुण्याच्या दादांनी लिहिलंय तसा दर दाराला ट्रॅक खालीवर झाला तर सायकलवाल्याचे हात बधिर होतात, माझे खांदे निखळायची पाळी येते. माझं इंजिन खांद्यातच आहे. डांबर गुळगुळीत आणि एका पातळीत द्या, बाकी काही मागत नाही.

लाईन_बाजार_दुकान
दोन दिवस वाचतोय सगळं. तीनचाकीवाल्या भाऊंना मी ओळखत असणार, दुकानासमोरून जातात. त्यांना मी रोज बघतो आणि माझ्याच गिऱ्हाइकाच्या गाडीला वळसा घालताना बघतो, हे आज डोक्यात आलं. वाईट वाटलं.

पार्किंगचं काय, ते मात्र सांगा. सगळंच बंद म्हणाल तर मी नाही म्हणणार.

निवृत्त_शाखा_अभियंता
सगळं बंद करायची गरज नाही. ट्रॅक फूटपाथला लागून घ्यायचा आणि जिथं रुंदी आहे तिथं एका बाजूच्या गाड्या ट्रॅकच्या बाहेर, रस्त्याकडं उभ्या करायच्या. म्हणजे उभी गाडीच सायकलला आडोसा होते. मधे दार उघडायला अडीच-तीन फुटांची पट्टी सोडायची. पाळीवाल्या दादांच्या शॉपमधल्या माणसासारखं होऊ नये म्हणून ती पट्टी कुठल्याही परिस्थितीत कापायची नाही. गिऱ्हाइकाला दहा पावलं चालावं लागेल, एवढंच. टेम्पोसाठी सकाळी ठराविक वेळ आणि ठराविक जागा आखून देता येते, तिथं कर्बला उतार द्यायचा म्हणजे हमालाची ढकलगाडी जाते.

जिथं रस्ता अरुंद आहे तिथं मात्र पार्किंग जाणार. ते कुणालाही टाळता येणार नाही.

लाईन_बाजार_दुकान
माझ्या दुकानासमोर अरुंद आहे की रुंद, ते टेप लावल्यावर बघू. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण मोजायला येणार असाल तर टेपचं दुसरं टोक मी धरीन.

टोलवेळचा_कार्यकर्ता
थोडं आठवण करून द्यायला आलोय. शहरातल्या पन्नासएक किलोमीटर रस्त्यांवर टोल बसवला तेव्हा सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. पेठा, तालमी, दुकानदार, रिक्षावाले, वकील, बाया-माणसं. वर्षानुवर्षं लढा चालला आणि शेवटी टोल रद्द करावा लागला. तेव्हा आपण "टोल देणार नाही" म्हणालो. आता "रस्ता असा हवा" म्हणून एकत्र यायची वेळ आहे. नको म्हणायला आपण पटकन जमतो, हवं ते सांगायला जमत नाही, हे मला तेव्हापासून डाचतंय.

ताई, तुमच्यासारखीच सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली होती. १९७१ या एका वर्षात तिथं रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं गेली. आई-वडील रस्ते अडवून बसले, पोरांचे जीव घेणं थांबवा म्हणाले. आज ज्या देशाचे ट्रॅक बघायला जगभरातनं माणसं जातात, ते ट्रॅक त्या रागातनं आलेत.

निवेदन देताना एक कायद्याचा मुद्दा घाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात कलम १९८ अ आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अपघातानंतर भांडायला म्हणून नाही, आधीच लेखी कळवून ठेवायला म्हणून. उभ्या पट्ट्यांची जाळी कुठं कुठं आहे, हे तारीख घालून, फोटोसह कळवलं की नंतर कुणी माहीत नव्हतं म्हणू शकत नाही.

उद्यमनगर_पहिली_पाळी
जाळ्यांचं मी करतो. पितळी गणपती ते भगवा चौक, दोन्ही बाजू, कामावर जाता-येता. कुठली उभी, कुठली आडवी, कुठली खचलेली. मला त्या पाठच आहेत. फोटो पोरगा काढून देईल.

बावड्याची_आई
मग आपण असं करूया का? आधी मोजूया. दुकानवाले दादा म्हणतात मोजक्या सायकली, पाळीवाले दादा म्हणतात आम्ही कुणाच्या हिशेबात नाही. दोघंही आपापल्या वेळेनुसार खरं बोलतायत, कारण दुकान उघडतं तेव्हा पहिली पाळी केव्हाच कामावर गेलेली असते.

येत्या मंगळवारी सकाळी साडेपाच ते साडेनऊ, संध्याकाळी साडेचार ते साडेआठ. तीन ठिकाणं: पितळी गणपती, लाईन बाजार, भगवा चौक. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं, एक येणाऱ्या बाजूला, एक जाणाऱ्या. वहीत पाच-पाचच्या रेघा मारायच्या. पुरुष, बाई, शाळेचं मूल, तीनचाकी, मागं ओझं असलेली सायकल असे वेगळे रकाने. शेवटी एक रकाना, डांबरावर उभ्या गाडीमुळं सायकल रस्त्याच्या मधे यावी लागली, असं किती वेळा झालं त्याचा. पावसाळ्यात पुन्हा एकदा मोजू आणि ऊस सुरू झाला की तिसऱ्यांदा.

अभियंता काका, रविवारी सकाळी सात वाजता टेप घेऊन याल का? वाहतूक कमी असते.

निवृत्त_शाखा_अभियंता
येतो. तीस मीटरचा टेप माझ्याकडं आहे, पन्नासचा मिळाला तर बघा. खडू आणि एक पाटी आणा, फोटोत माप दिसायला हवं.

अकरावी_सायन्स
भगवा चौक, संध्याकाळचा मी. अजून दोन मित्र येतील, ते राजारामपुरीतले आहेत पण येतो म्हणाले.

तीन_चाकं
पितळी गणपती, सकाळी. मी बसूनच असतो, चार तास जमेल. रविवारी टेप लावाल तेव्हा माझ्या मागच्या चाकांचंही माप घ्या, वहीत लिहून ठेवा.

ऊसवाला_करवीर
मोजायला जमणार नाही, भांगलण चालू हाय. पण हंगाम सुरू झाल्यावर तिसऱ्यांदा मोजाल तेव्हा सांगा. एका ड्रायव्हरला बोलून ठेवतो, तुमच्यातल्या कुणाला तरी शेजारी बसवून कारखान्यापर्यंत नेऊ. तिथनं काय दिसतंय ते बघा.

बावड्याची_आई
मी येते ट्रॅक्टरवर. मुलीलाही विचारते, तिची इच्छा असेल तर तीही येईल. लाईन बाजारला सकाळी मी उभी राहीन, बरोबर अजून एक माणूस हवंय.

लाईन_बाजार_दुकान
साडेपाचला दुकानाची फळी उघडून देतो. बाहेर बाकडं आहे, त्यावर बसा. आठपर्यंत मी पण रेघा मारतो, मग गिऱ्हाईक सुरू होतं.